कडकताईची मुलाखत

"वर्क्स नाही गं आई, वर्क. ढीगभर असलं तरी वर्कच."

"आणि जॉब?"

"एक जॉब, दोन जॉब्स."

"हा कुठला न्याय? घाम तर तोच गळतो!" आईने इस्त्री आपटली. लॉन्ड्रीत बावीस वर्षं तिच्या घड्या बघून सगळे तिला कडकताई म्हणत. इस्त्रीपुढे बाई वाघीण, पण इंग्रजी म्हटलं की तिची बोबडी वळायची.

उद्या मॅनेजरच्या जागेची मुलाखत होती, तीही इंग्रजीतून. मुलगी आठवडाभर घोकून घेत होती. स्टाफ म्हणजे सगळे मिळून, स्टाफ्स म्हणायचं नाही. कामाचा एक्सपिरियन्स वीस वर्षांचा असला तरी एक्सपिरियन्सच.

मागे एकदा ऑफिसात ती 'स्टाफ्स' म्हणाली, तेव्हा साहेब लोक पोट धरून हसले होते. ते हसू तिला अजून झोंबत होतं. पण लॉन्ड्रीतल्या बाकीच्या एकोणचाळीस जणींनी हात वर करून तिलाच पुढे केलं होतं. उद्या जीभ अडखळली, तर त्यांना तोंड कसं दाखवायचं?

"माझ्याशी लग्न करताना एवढी घाबरली नव्हतीस," नवरा म्हणाला.

"तेव्हा अक्कल कुठे होती!"

सकाळी दहाला ती ऑफिसात शिरली. ओठांत अजून 'स्टाफ, वर्क, एक्सपिरियन्स' घोकणं चालूच होतं. टेबलाशी टाय लावलेले एक गृहस्थ फाईल चाळत बसले होते. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चहा नंतर आणा, बाई."

तिचे कान तापले. भीती कुठल्या कुठे पळाली.

"चहा द्यायला नाही आले," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून समोर बसली.

मग एकही शब्द न चुकता, खणखणीत इंग्रजीत तिने विचारलं, "तुमच्या हाताखाली किती स्टाफ होता? आणि मॅनेजरच्या कामाचा एक्सपिरियन्स किती?"

स्वतःचाच आवाज ऐकून तिला असा काही आनंद झाला म्हणता!

गृहस्थ गडबडून अर्धवट उठले. "मला... मला मालकांना भेटायचंय."

"चाळीस जणी आहोत आम्ही. गेल्या महिन्यात विकत घेतली ही लॉन्ड्री," कडकताई म्हणाली. "बसा. तुम्हाला कामावर घ्यायचं की नाही, ते मी ठरवणार आहे."