बस लागते का?

"पोटाचं ऑपरेशन हाय, अन् आईला बस लागते का हे काहून इचारून राहिल्या तुमी?" भूल देणाऱ्या मॅडमवर मी खेकसलो. मला वाटलं, आमाला गावंढळ समजल्या. आई काही बोलणार, तेवढ्यात मीच म्हणलो, "न्हाई लागत!"

ऑपरेशननंतर आई टाके दाबून उलट्या करून राहिली. मॅडम म्हणल्या, "बस लागणाऱ्याला भुलीनंतर उलट्या जास्त होतात. माहीत असतं तर आधीच जादा इंजेक्शन दिलं असतं."

"पोराला बोलू नका," आई म्हणली. "वसमतच्या बसमधी त्यो माघं बसतो. त्याला काय दिसतं?"

समदं दिसतं. ही माझी आई हाय हे कोणाला कळू नये, म्हणूनच माघं बसतो.


जातो आता, भांडं धरायचंय.