विरघळेपर्यंत

इसाकने पंपाच्या तळाची तोटी उघडली आणि तेल काचेच्या पेल्यात धरले. ते मधासारखे यायला हवे होते. आले ते दुधासारखे.

"हमीदाबाई, हे बघा. पंपाच्या पोटात पाणी गेलंय."

हमीदाने पेला खिडकीच्या उजेडात धरला. या खोलीत सापाच्या विषावरचे औषध, घोड्याच्या रक्तातून काढलेले सीरम, गोठवून सुकवले जाई. गोठलेल्या सीरममधली वाफ पंप ओढून घेई. वाटेत बर्फ आणि मिठाच्या बादलीत काचेचा एक फुगा बुडवलेला असे. वाफ तिथेच थिजायची, पंपापर्यंत पोहोचायची नाही. फुग्याच्या मानेवर हिमाचा पांढरा थर चढायचा. आज मान नुसती ओली होती.

तिने बादलीत तापमापक घातला. पारा शून्यावर थांबला. तो वीस अंश खाली जायला हवा होता.

बादली मात्र बर्फाने भरलेली होती. गेल्या आठवड्यात ती स्वतःच कौतुकाने म्हणाली होती, चार लाद्यांचं काम हल्ली तीन लाद्यांत होतं, कुसाबाईंच्या हाताला बर्फ टिकतो.

बर्फ फोडणारी कुसाबाई दारात पोते झटकत होती.

"कुसाबाई, मीठ किती घातलंत?"

"घातलं की. मूठभर."

"मूठभर? दोन वाटे बर्फ, एक वाटा मीठ, असं ठरलं होतं ना?"

कुसाबाईने फळीखालची मोठी बरणी पुढे ओढली आणि झाकण काढले. आत काठोकाठ मीठ होते.

"चोरलं नाय, बाई. खडानखडा हितंच हाय. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी येचावं लागतं. अन् मी रोज दोन-दोन शेर मोरीत वतायचं? किती जलम येचू? तिकडं मिठापायी माणसं तुरुंगात चाललीत, अन् हितं आपण..."

"बर्फाला आळणी चालत नाही गं मावशी," इसाक हसत म्हणाला.

हमीदा हसली नाही. "कधीपासून?"

"एकादशीपासनं. धा-अकरा दिस झालं."

हमीदा कपाटाशी गेली. सुकवलेल्या औषधाच्या एकादशीच्या आधीच्या नळ्या केव्हाच संपल्या होत्या. तिने एक नळी उचलली. आत पांढरी, हलकी भुकटी हवी होती. होता तो पिवळट पापुद्रा, वाळलेल्या डिंकासारखा काचेला चिकटलेला.

"ही तुम्हीच बंद केलीत ना, इसाकभाई?"

"काल. पिवळी दिसली खरी. मला वाटलं, या खेपेला घोडा दुसरा असेल." त्याचे हसू गेले.

सकाळी सहा वाजता पेठकडचा गोरक्ष याच कपाटातल्या चार नळ्या घेऊन गेला होता. त्याच्या बायकोला घोणस चावली होती. हिरड्यांतून रक्त येत होते. लाकडाच्या लॉरीने तो आला आणि त्याच लॉरीने परतला. दवाखान्यात काय सांगायचे ते हमीदाने त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतले होते. उकळून गार केलेलं पाणी घालायचं, विरघळेपर्यंत हलवायचं, मग टोचायचं.

"आन् नाय इरघाळलं तं?" त्याने विचारले होते.

"विरघळतंच," ती म्हणाली होती. "मिनिटभर लागतं."

इसाकने घड्याळाकडे पाहिले. साडेदहा. "लॉरीने सावळघाट ओलांडला असेल."

"दुसरी गाडी?"

"उद्या." त्याने कपाटाकडे पाहिले. "आणि बाई, पाठवायचं काय?"

यंत्राच्या भांड्यातले आजचे सीरमही वितळून फेसाळले होते. घोड्याचे पुढचे रक्त सोमवारी काढायचे होते.

कुसाबाई दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होती. मग तिने बरणी उचलली आणि सगळी बादलीत उपडी केली. बर्फ कडकडला. मीठ फरशीवरही सांडले. ते वेचायला ती वाकली नाही.

इसाकने नवे तेल भरले, पट्टा चढवला. जरा वेळाने फुग्याच्या मानेवर हिम चढू लागले. पंपाचा आवाज एकसारखा झाला, अगदी जसा असायला हवा तसा.

हमीदाने त्याच पिवळट नळीचे तोंड फोडले, गार केलेले पाणी आत सोडले आणि बोटाने तोंड दाबून हलवू लागली. एक मिनिट झाले. पापुद्रा काचेपासून सुटला आणि सायीच्या तुकड्यासारखा पाण्यात वरखाली होत राहिला. पाच मिनिटे झाली.

"बाई," कुसाबाईने हळूच विचारले, "इरघळलं का?"

हमीदा नळी हलवत राहिली.