गोळी विरघळेपर्यंत

"गोळी चावायची नाही, चघळायची!" मार्थाबाई चर्चमधल्या रविवारच्या शाळेत मुलांना बजावत. दुःखी मित्राजवळ बसताना लिमलेटची गोळी तोंडात ठेवायची आणि ती विरघळेपर्यंत फक्त ऐकायचं, हा त्यांचा नियम. "पवित्र शास्त्रात सगळं गमावून राखेत बसलेल्या त्या माणसाचे मित्र शेजारी मुके बसले, तोवर बरं चाललं होतं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं!"

बाईंना स्वतःला मात्र हे कधी जमलं नव्हतं. मैत्रीण रिबकाचा नवरा गेला, तेव्हा त्यांनी शास्त्रातली पाठ असलेली सगळी वचनं तिला एका दमात ऐकवली. तेव्हापासून रिबका त्यांना दार उघडेना.

आज तिने उघडलं. "उपदेश करायचा असेल तर बाहेरूनच कर," ती म्हणाली. बाईंनी मुकाट्याने पिशवीतली गोळी तोंडात टाकली.

रिबका हळूहळू बोलू लागली. नवऱ्याचं घोरणं, त्याचं बेसूर गाणं, आणि शेवटच्या सकाळी कालवणात मीठ कमी पडलं म्हणून झालेलं भांडण. "'खायचं तर खा, नाहीतर उठा,' म्हटलं गं मी. ते उठले, आणि गेलेच."

बाईंच्या जिभेवर वचन आलं. त्यांनी गोळी या गालातून त्या गालात सरकवली आणि मैत्रिणीचा हात घट्ट धरला. रिबका तेव्हा कुठे रडली.

गोळी केव्हाच संपली, तरी बाई गप्पच.

"संपली?" पदराने डोळे पुसत रिबकाने विचारलं.

बाईंनी मान डोलावली.

"मग दुसरी टाक, माझे आई. माझं अजून पुष्कळ सांगायचं राहिलंय."