तेरावा बचाव

कुंदाताईंच्या सत्काराला त्यांच्या चाळीस शिष्या जमल्या होत्या. स्वसंरक्षणाचा वर्ग म्हणजे महिनाभर मानेमागे चिकटवायची एक पट्टी. ताईंच्या अंगात वीस वर्षांत मुरलेलं सगळं त्या पट्टीतून या बायकांच्या अंगात जसंच्या तसं उतरलं होतं. मागून कुणी दंड धरला, तर हेमांगीचं कोपर आता आपसूक फिरायचं.

प्रमुख पाहुणे ताईंचे यजमानच होते. ते बोलायला उभे राहिले आणि माइक नीट करायला त्यांनी उजवा हात उचलला.

हेमांगीचा डावा हात झटकन कानावर गेला, मान खाली गेली, डोळे मिटले. तिला काही सुधरेना. पट्टीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतल्या बारा बचावांत हा कुठेच नव्हता. ओशाळून तिनं आजूबाजूला पाहिलं, तर चाळीसच्या चाळीस जणींचे हात कानावर होते.

"कोण मारतंय गं आपल्याला?" शेजारच्या रेवतीनं हळूच विचारलं.

हेमांगीनं व्यासपीठाकडे पाहिलं. कुंदाताई आपला डावा हात उजव्या हातानं मांडीवर घट्ट दाबून बसल्या होत्या.