रूपकाची सम

शेजाऱ्याचे संगीत सहन करणे हे सौजन्य आहे; ते ऐकणे हा निराळा धर्म, आणि तो कोणी कोणावर लादू शकत नाही. मांजर्लीतील त्या इमारतीत वरच्या आणि खालच्या मजल्यामध्ये पुष्कळ वर्षे केवळ सौजन्य नांदत होते. क्वचित ते लाटण्याने फरशी ठोकून व्यक्त होई.

नदीचे पाणी ओसरले होते. तळमजल्यावरच्या घरात अद्याप चिखल होता, म्हणून प्रमोद आणि त्याची कन्या यशोधरा वरच्या अंजनीबाईंकडे आश्रयास होते. पाणी उंबऱ्याला लागले तेव्हा प्रमोदने आधी बुद्धाची मूर्ती वर नेली आणि मग ध्वनिमुद्रिकांचे खोके आणायला तो परतला. तोवर खोक्यात पाणी शिरले होते. मूर्तीसाठी बाईंनी आपल्या तंबोऱ्याशेजारचा कोनाडा स्वतः पुसून दिला.

खोक्यात इटलीतील जुन्या रॉक वाद्यवृंदांच्या तबकड्या होत्या, प्रमोदने अर्ध्या आयुष्यात जमवलेल्या. आता त्या धुऊन बाईंच्या भांड्यांच्या जाळीत उभ्या होत्या आणि त्यांची चित्रमय वेष्टने गॅलरीतल्या दोरीवर, बाईंच्या नऊवारीशेजारी, चिमट्यांनी लटकत होती.

सकाळी यशोधरा कॅम्प चारच्या बाजारातून रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून घेऊन आली.

"पप्पा, बेल्ट बदलला. दुकानवाले सिंधी साईं बोलले, एकदम मक्खन चालेगा. लावू या?"

"नको गं." प्रमोदने आवाज खाली आणला. "वाजणार नाहीत त्या. आणि वाजल्या तरी बाईंच्या घरात नकोत. भंगारवाला आला की देऊन टाकू."

"तुम्ही? देऊन टाकणार?"

"आयुष्यभर त्यांना त्रासच दिला मी."

स्वयंपाकघरातून अंजनीबाई हात पुसत बाहेर आल्या. "प्रमोदराव, माझ्या जाळीत दोन दिवस ताटं ठेवायला जागा नाही. ज्यांच्यासाठी माझी ताटं ओट्यावर झोपली, त्या वाजतात की नाही ते मला कळायला हवं. लावा."

प्रमोदने एक तबकडी उचलली, कडेने धरून फुंकर घातली आणि सुई टेकवली.

प्रथम नुसती खरखर झाली. मग आणखी खरखर. प्रमोदने डोळे मिटून घेतले.

"ही उल्हास नदी," यशोधरा म्हणाली. "आता तीपण बँडमध्ये."

आणि त्या खरखरीतून, दूरच्या देवळात कोणी दार उघडावे तसा, ऑर्गनचा एक दीर्घ स्वर वर आला. त्यामागून बासरी आली. मग एक मनुष्य आर्तपणे गाऊ लागला.

प्रमोदने डोळे उघडले. ते भरले होते. "वाजतेय," तो एवढेच म्हणाला.

"काय म्हणतोय तो?" बाईंनी विचारले.

"माहीत नाही, बाई. मला इटालियन येत नाही."

"इतकी वर्षं ऐकता आणि अर्थ माहीत नाही?" मग बाई स्वतःशीच म्हणाल्या, "बरोबर आहे म्हणा. तराण्याचा अर्थ तरी कोण विचारतो?"

प्रमोदला धीर आला. ऑर्गन कोण वाजवतो ते त्याने सांगितले आणि त्या कलावंताचे नाव उच्चारताना त्याचा हात नकळत कानाच्या पाळीला गेला.

बाईंची दृष्टी तेथेच खिळली. "हे कुठे शिकलात?"

"तुमच्याकडेच. गुरुपौर्णिमेला खुर्च्या मांडायला वर यायचो ना. गुरूंचं नाव घेताना तुम्ही कानाला हात लावता. मला वाटलं, असंच करायचं असतं."

बाई पाटावर बसल्या. तेवढ्यात ढोलांचा गजर सुरू झाला, चाल एकाएकी बदलली, आणि त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप हलू लागला. त्या पुटपुटल्या, "ती ती ना, धी ना, धी ना." मग मोठ्याने म्हणाल्या, "अहो, हा तर रूपक! सात मात्रांचा!"

"सात? मी नुसतीच मान हलवत होतो."

"चुकीच्या ठिकाणी हलवत होतात. इकडे बघा. रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली' असते, रिकामी; ती टाळीनं नाही, असा हात मोकळा सोडून दाखवायची." त्यांनी तळहात हवेत उघडला. नेमक्या त्याच क्षणी रेकॉर्डमध्ये झांज दणाणली. "आणि हा मेला तिथेच बडवतो!"

यशोधरा खो खो हसली. तिघांचेही हात एकदम उघडू लागले; एकदा, दोनदा, पुन्हा. इतक्यात त्या इटालियन मंडळींनी ताल मोडला, आणि बाईंचा तळहात हवेत एकटाच राहिला.

"अगं बाई! फसवलं की मला!" आणि त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला.

"मग आता लाटणं नाही ना ठोकणार, आजी?" यशोधरेने विचारले.

"ठोकणार तर! पण समेवर नाही, चौथ्या मात्रेला. तिथे टाळी आहे." मग त्या प्रमोदकडे वळल्या. "हा तबलजी कोण?"

"ड्रमर, बाई." त्याने नाव सांगितले.

बाईंनी ते नाव उच्चारून पाहिले. पहिल्यांदा साफ चुकले, दुसऱ्यांदा थोडेसे जमले. आणि जमले तेव्हा त्यांचा हात सावकाश स्वतःच्या कानाच्या पाळीला गेला.

दोरीवरची वेष्टने वाळोत. वरच्या आणि खालच्या त्या दोन्ही घरांना, मोकळ्या हाताने दाखवायची ती सम अशीच लाभत राहो.