वॉरंटीत बसत नाही

"फोन रूट केलेला आहे," तंत्रज्ञ म्हणाला. "वॉरंटीत बसत नाही."

नर्सने सर्व्हिस सेंटरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक वाजला होता, तीनला तिची ड्यूटी होती. फोन नुसता तापत होता, चार्जिंग टिकत नव्हतं. घेऊन आठच महिने झालेले. अर्ध्या तासात काम होईल असं धरून ती आली होती.

"रूट म्हणजे?"

"कंपनीनं फोनच्या आत एक कुलूप घातलेलं असतं. ते कोणीतरी काढलंय." त्याने फोन तिच्याकडे वळवला. काळ्या स्क्रीनवर बारीक अक्षरांच्या पाच-सहा ओळी होत्या, त्यातली एक लाल. "ही ओळ आली की कंपनी हात वर करते. आमच्या हातात काही राहत नाही."

"पण मी काहीच केलेलं नाही. मला साधा अलार्म बदलायचा तर नवऱ्याला हाक मारावी लागते."

तो हसला नाही. तिने भरलेला फॉर्म त्याच्यापुढे होता. नाव, पत्ता, तक्रार आणि शेवटच्या चौकटीत फोन उघडायचा आकडा. तो आकडा लिहिल्याशिवाय फोन तपासणीला घेत नसत.

"मग घरात कोणाला यातलं कळतं?" त्याने विचारलं.

नवरा एका शाळेतले संगणक सांभाळायचा. फोन त्यानेच आणला होता, त्यानेच सुरू करून दिला होता.

"कुलूप काढलं तर काय होतं?"

"काढणाऱ्याला सगळं बघता येतं. मेसेज, फोटो, तुम्ही कुठे जाता ते. बघितलंच असं मी म्हणत नाही, मॅडम. बघता येतं, एवढंच."

तिने 'ग्राहकास कारण समजावून सांगितले' या ओळीखाली सही केली.

रस्त्यावर आल्यावर तिला मागचा महिना आठवला. वॉर्डात अचानक दोन तास जास्त थांबावं लागलं होतं. तिने घरी कळवलं नव्हतं, तरी ती बाहेर पडली तेव्हा नवरा गेटवर स्कूटर घेऊन उभा. कसं कळलं, तर म्हणे अंदाज. दुसऱ्या दिवशी तिने हे कौतुकाने अख्ख्या वॉर्डाला सांगितलं होतं. आता मनात पाल चुकचुकली. नोकरी बदलायचं तिच्या डोक्यात होतं, तेही तिने फक्त ताईला मेसेजमध्ये लिहिलं होतं. दोन दिवसांनी जेवताना त्याने विचारलं होतं, "कंटाळलीस का गं तिथे?"

वॉर्डात साधी पट्टी बदलायची तरी ती आधी पडदा ओढून घ्यायची.

घरी नवरा तिच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होता. सकाळची शाळा असली की हे काम त्याचं.

"झाला का दुरुस्त?"

"माझा फोन तू रूट केलास?"

"काय?"

"तुला माहितीये मी काय विचारतेय."

"शब्द माहितीये. पण मी कशाला करू? तुझ्या फोनला मी हात तरी लावतो का? तूच आणून देतेस, हे जरा बघ, ते जरा बघ."

"गेटवर कसा आलास त्या दिवशी?"

"रिसेप्शनला फोन केला होता."

"तेव्हा अंदाज म्हणालास."

"अगं, जरा भाव खाल्ला. बायकोपुढे नाही खायचा तर कोणापुढे खायचा?"

"आणि नोकरीचं?"

त्याने इस्त्री उभी ठेवली. "चार दिवस तू वॉर्डाचं नावही काढलं नव्हतंस. एरवी इथे बसून मला तिथल्या प्रत्येक पेशंटचा ताप पाठ असतो. तेवढ्यावरून नाही का कळत?"

"तुझ्याकडे प्रत्येकाचं उत्तर तयार आहे."

"खरं असतं तेव्हा असतंच. चल, आत्ताच्या आत्ता सेंटरला जाऊ. मी विचारतो त्याला."

"तिथे काय विचारणार? त्याने दाखवलं मला. मशीन कशाला खोटं बोलेल?"

"आणि मी कशाला बोलेन?"

तिने बॅग काढली. तो दारात उभा राहून समजावत राहिला. आधी शांतपणे, मग हात जोडून, मग आवाज चढवून. एकच प्रश्न ती घोळवून घोळवून विचारत होती. सहाव्या की सातव्या वेळेला तो म्हणाला, "हो, मीच केलं. झालं समाधान?"

तिचा हात बॅगेच्या चेनवर थांबला.

"अगं, वैतागून बोललो. ऐक तरी."

तिने बॅग बंद केली. इस्त्री झालेला युनिफॉर्म तिथेच टेबलावर राहिला. बसस्टॉपवरच्या दुकानातून तिने ताईला फोन लावला. "मी तुझ्याकडे येतेय. राहायला." मागून तो धावत आला, तोवर बस सुटली होती. काचेतून तिने वळून पाहिलं नाही.

साडेसहाला सर्व्हिस सेंटरचं शटर अर्धं खाली आलं. व्यवस्थापक दिवसभराचे फॉर्म चाळत होता. फुकट दुरुस्त्यांचा वरून ठरवून दिलेला आकडा या महिन्यात दहा तारखेलाच संपला होता.

"सात नाकारलेत आज. कोणी वर तक्रार नाही ना करणार?"

"नाही करणार. सगळ्यांना घरातलंच कोणीतरी आठवतं."

व्यवस्थापकाने एक फॉर्म उचलून पाहिला. "ही नर्स. हिचा तरी खरंच उघडलेला होता?"

"कोराकरकरीत होता," हात पुसत तंत्रज्ञ म्हणाला. "आत नेऊन मीच रूट केला."