टेकवू

दुसऱ्या जिन्याच्या वळणावर दादा एका शब्दाची वाट बघत होते.

काच चांगली दीड पुरुष उंचीची होती. वरच्या मजल्यावरच्या ऑफिसच्या खिडकीची. दादा पुढे, नवा गडी मागे. एवढी काच लिफ्टमध्ये मावत नाही, ती जिन्यानेच न्यावी लागते. आणि जिन्यात पुढच्याला मागचा दिसत नाही. मागच्याला मात्र पुढचा डोक्यापासून टाचेपर्यंत दिसतो. म्हणून दोघांनी करायच्या या कामात एक शब्द ठरलेला असतो, 'टेकवू'. तो कुणीही म्हणावा. ऐकणाऱ्याने कारण विचारायचं नाही. गोणपाटाच्या घडीवर काच टेकवायची आणि दम खायचा.

आज मागून शब्दच येत नव्हता. दादांना आधी बरं वाटलं. असा पाहिजे गडी! नाहीतर आमचे जावईबापू.

जावईबापू म्हणजे दादांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. कित्येक वर्षं दोघांनी जोडीने काचा बसवल्या. मध्यंतरी दोघांना एकदमच ताप आला. डॉक्टरबाईंनी दोघांना तपासलं. "साधा व्हायरल आहे, उतरेल. पण ताप गेला म्हणजे सगळं गेलं असं समजू नका. मागे थकवा रेंगाळतो कधीकधी."

"आमच्यातल्या कुणाचा रेंगाळेल ते सांगा की," दादा म्हणाले.

"खात्रीने नाही सांगता येणार. पण जो पडून राहणार नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते."

दादांनी भविष्य स्वतःच सांगून टाकलं. "मग हे जावईबापूच! काडीपैलवान आहेत आमचे." आणि दुसऱ्याच दिवशी अंगात कणकण असताना ते कामावर हजर झाले. जावईबापूंना मात्र बहिणीने ठणठणीत होईपर्यंत अंथरुणाबाहेर पाय टाकू दिला नाही.

पुन्हा जोडीने काम सुरू झालं आणि दादांचं भविष्य खरं ठरलं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर मागून आवाज यायचाच. "टेकवू, दादा." कधी तर वळण यायच्या आधीच. दादा काच टेकवायचे, भिंतीला पाठ लावायचे, आणि श्वास जागेवर आला की तोंडसुख घ्यायचे. "काय जावईबापू, काच उचललीय की हत्ती?" जावईबापू नुसते हसायचे.

गेल्या आठवड्यात बहिणीकडे जेवताना दादांनी कहरच केला. "तुझ्या नवऱ्यासाठी आता हातात मावणारे आरसे बसवायची कामं शोधतो," असं सगळ्यांदेखत म्हणाले. भाची फिदीफिदी हसली. बहीण काहीतरी बोलणार होती, पण जावईबापूंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि तिने ओठ मिटले. हात धुताना दादांनी उरलंसुरलंही सांगून टाकलं. "तुम्ही बसा घरी. मी दुसरा गडी बघितलाय."

तो दुसरा गडी आता बैलासारखा मागून रेटत होता. तिसऱ्या जिन्याला दादांचे हात कापसाचे झाले. घाम डोळ्यांत उतरला आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. मागून शब्द येईना. दादा ओठ चावत आणखी चार पायऱ्या चढले. काच हातातून निसटणार, असं वाटलं तेव्हा त्यांना स्वतःलाच म्हणावं लागलं.

"टेकवू."

"एवढ्यात?" गडी म्हणाला. "मी तर अजून ताजा आहे, मालक."

दादांनी पायरीवर बसकण मारली. हा शीण कालपरवाचा नव्हता. रात्रभर झोपूनही सकाळी अंग मोडून यायचं. वय झालं असेल, म्हणून त्यांनी ते अंगावर काढलं होतं. म्हणजे जावईबापू कामचुकारपणा करत नव्हते तर! त्यांचाही जीव असाच मेटाकुटीला येत असणार. आणि आपण त्या आजारी माणसाला त्याच्या लेकीसमोर हसलो, घरी बसवलं. दादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काच कशीबशी बसवून त्यांनी थेट बहिणीचं घर गाठलं.

इमारतीच्या दारातच मागून हाक आली. "अरे वा, दादा! चला की वर." जावईबापूच होते. खांद्यावर गॅसचा सिलिंडर होता. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. त्यामुळे दादांना जास्तच ओशाळल्यासारखं झालं.

जिना अरुंद होता. दादा पुढे झाले, जावईबापू मागे. एका परीने बरंच झालं, तोंड दाखवावं लागत नव्हतं.

"जावईबापू, माझं चुकलं," दादा चढता चढता म्हणाले. "तुमचा थकवा खरा होता. आज माझ्यावर बेतलं तेव्हा डोळे उघडले. नको ते बोललो मी तुम्हाला. पोरीसमोर बोललो. वर तुमचं काम काढून..." पुढचं बोलायला श्वासच पुरेना. त्यांनी कठडा धरला.

"टेकवू, दादा," मागून आवाज आला.

दादा मटकन खाली बसले. "तुम्हीपण टेकवा. तो भरलेला सिलिंडर उतरवा आधी. तब्येत सांभाळा हो."

जावईबापू होते तसेच उभे राहिले. सिलिंडर खांद्यावरच होता आणि श्वास अगदी संथ चालला होता. ते दादांच्या थरथरणाऱ्या कोपरांकडे बघत होते, रोजचीच गोष्ट बघावी तसे.

"मला नको, दादा," ते हळूच म्हणाले. "मला एकदाही नको होतं."